बेंचजवळचा माइक

प्लेनो, टेक्सस
२२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय अवधूत,

तुझं घर माझ्यापासून गाडीने अठरा मिनिटं, आणि मी तुला पत्र लिहायला बसलोय. अमरावतीच्या हॉस्टेलवर तू घरी पत्रं लिहायचास आणि मी शेजारी बसून सांगायचो, 'जेवण चांगलं आहे असं लिही रे, उगाच काकू काळजी करतील.' मेसच्या डाळीत झुरळ निघालं त्या आठवड्यातही आपण 'जेवण उत्तम' असंच कळवलं होतं. तुझ्या आईला खोटं कळवायची सवय आपल्याला तेव्हापासूनची. हे वाक्य गंमत म्हणून लिहायला घेतलं होतं, पण लिहून झाल्यावर बघतो तर गंमत राहिली नाही.

गुरुवारी शाळांच्या बोर्डासमोर सुनावणी आहे. डोक्याला मार लागलेल्या तुझ्या अनिकाला पुन्हा बास्केटबॉलच्या कोर्टावर पाठवलं, त्याचा दोष कोणावर, आणि कोच डेलेनीला ठेवायचं की काढायचं, हे त्या दिवशी ठरणार. तू रजा टाकली आहेस. शरयू येणार नाही असं आमची मीनाक्षी म्हणाली. तुम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांशी फक्त औषधांच्या वेळांबद्दल बोलता, हेही तीच म्हणाली. गुरुवारच्या आधी मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. सरळ सांगायला धजत नाही म्हणून थोडा वळसा घेतोय. तू इंजिनीअर माणूस, वैतागशील, पण मधली पानं गाळू नकोस.

मी या रेडिओ कॉमेंट्रीच्या खुर्चीवर कसा बसलो ते तुला अर्धंच माहीत आहे. डिप्लोमा अर्धवट सोडून मी पुसदला बाबांच्या लाउडस्पीकरच्या दुकानात बसलो, तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस. पण कान तिथे तयार झाला. मांडवाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचा कुठला भोंगा घरघरतोय ते मी डोळे मिटून सांगायचो. कबड्डीच्या सामन्यांत बोलणारा माणूस ऐनवेळी आला नाही की माइक माझ्याच हातात यायचा. पुढे मीनाक्षीच्या नर्सिंगच्या व्हिसावर, तिचा पदर धरून इथे आलो. गोदामात खोकी उचलली, मग देवळांच्या, लग्नाच्या हॉलच्या साउंड सिस्टीम बसवल्या, आणि सहा वर्षांपूर्वी अनिकाच्या हायस्कूलच्या जिमची, म्हणजे खेळांच्या बंदिस्त हॉलची, बसवली. टेस्टिंगला म्हणून मी माइकवर कबड्डीसारखी बडबड केली, ती तिथल्या छोट्या एफएम स्टेशनच्या बाईने ऐकली. मुलांच्या फुटबॉलला कॉमेंट्री करायला त्यांच्याकडे रांग होती. मुलींच्या बास्केटबॉलला कोणी मिळत नव्हतं. 'फुकट करशील का?' म्हणाली. मी म्हटलं, फुकट तर मी आयुष्यभर बोलत आलोय.

तुला त्या खुर्चीवरून काय दिसतं ते सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला मुलींचा सामना, साडेसातला त्याच कोर्टावर मुलांचा. मुलींच्या वेळी जिम पाऊण रिकामा. आया, दोन-चार बाप, धाकटी भावंडं आणि पॉपकॉर्नचा वास. मुलींचा चौथा क्वार्टर चालू असताना मुलांसाठी माणसं आत येऊ लागतात आणि जागा धरायला कोर्टाकडे पाठ करून उभी राहतात. मी ठरवलं होतं की निदान रेडिओवर तरी या मुलींकडे कोणी पाठ करणार नाही. सामन्याआधी मी पाहुण्या संघाच्या प्रत्येक मुलीकडे जाऊन तिचं नाव तिच्या तोंडून ऐकून घ्यायचो. नायजेरियन, व्हिएतनामी, मेक्सिकन, कुठलंही असो, चुकायचो नाही. एक मुलगी मला म्हणाली होती, माझं नाव बरोबर घेणारे माझ्या आजोबांनंतर तुम्हीच. असल्या वाक्यावर मी आठवडाभर चालायचो.

आणि मी एक माइक जास्तीचा लावला होता. स्कोअररच्या टेबलाखाली, आपल्या मुलींच्या बेंचपासून हातभर अंतरावर. बुटांचा चरचर आवाज, चेंडूचा ठोका, हे ऐकणाऱ्याच्या कानात भरलं पाहिजे म्हणून. टाइमआउट झाला की स्टेशनवरून जाहिराती लागायच्या, माझा माइक बंद, आणि बेंचचा माइकही प्रसारणातून मी खाली ओढायचो. पण माझ्या हेडफोनमध्ये तो चालूच असायचा आणि माझ्या रेकॉर्डरवर त्याची वेगळी पट्टी उतरत राहायची. डेलेनीला हे ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, 'मो, बेंचवरचं बेंचवरच राहील ना?' मी शब्द दिला. सहा वर्षांत या मुलींची प्रेमप्रकरणं, गणिताचे पेपर, घरातली भांडणं, सगळं माझ्या कानावरून गेलं. शब्द मोडला नाही. मला त्याचा अभिमान होता, अवधूत. तो इथे लिहून ठेवतो, कारण पुढे त्याला काही किंमत राहणार नाही.

मराठीचा भाग काकूंमुळे सुरू झाला. अनिकाचा पहिला सीझन, यवतमाळला पहाटेचे साडेपाच, आणि काकू चहाचा कप घेऊन मोबाइलवर आपलं स्टेशन लावून बसायच्या. मला फोनवर म्हणाल्या, 'मोरेश्वर, तू फार छान बोलतोस, पण एक अक्षर कळत नाही.' तेव्हापासून टाइमआउटनंतर वीस-तीस सेकंद मी मराठीत बोलायला लागलो. 'सुलभाकाकू, तुमच्या नातीने आत्ताच दोन टाकले, चहात साखर जरा जास्त घाला.' स्टेशनवाल्या बाईला मजा वाटली. दुसऱ्या आजीआजोबांनीही ऐकायला सुरुवात केली. तूही बाहेरगावाहून गाडीत हेच ऐकत यायचास. मला म्हणायचास, इंग्रजीत तू जगाशी बोलतोस, मराठीत घरच्यांशी.

'भिंत'सुद्धा माझीच. समोरून धावत येणाऱ्या मुलीच्या वाटेत पाय रोवून उभं राहायचं आणि तिची धडक अंगावर घेऊन पडायचं, की फाउल तिचा. इकडे याला चार्ज घेणं म्हणतात. अनिकाइतके चार्ज त्या शाळेत कोणी घेतले नसतील. पहिल्यांदा ती तशी पडली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, 'भिंत!' पुढच्या सामन्याला गोरी पोरं स्टँडमधून 'बिंट, बिंट' ओरडायला लागली. अनिका कानांपर्यंत लाल व्हायची आणि पुन्हा जाऊन उभी राहायची. तिला मी एकदा हळूच म्हटलं होतं, 'बाळा, सारखं सारखं पडू नकोस.' तर म्हणाली, "काका, you made it my thing." मी हसलो होतो.

आता नऊ जानेवारी. तू ऑस्टिनहून परत येत होतास, वेको ओलांडलं होतंस. तिसरा क्वार्टर, एकतीस-एकोणतीस, आपण दोनने पुढे. समोरच्या संघाची सेंटर, सहा फुटांची मुलगी, सरळ आत घुसली आणि अनिका उभी राहिली. मी 'भिंत' म्हणालो. तिची पाठ टेकल्याचा आवाज आला आणि त्यामागून आणखी एक, लहान आणि कोरडा. लाकडी कोर्टावरचे सगळे आवाज मला पाठ आहेत. हा त्यातला नव्हता. स्टँडमध्ये टाळ्या चालल्या होत्या. ती उठली, चार पावलं भलत्याच बेंचच्या दिशेने गेली, मग एका मुलीने खांद्याला धरून वळवली. डेलेनीने टाइमआउट घेतला. शाळेचा ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारा माणूस, तिथे असायला हवा होता. तो आत मुलांच्या घोट्यांना टेप बांधत होता, साडेसातच्या सामन्यासाठी.

पुढचं तुला माहीत आहे. टाइमआउट संपला आणि मी मराठीत म्हणालो, 'सुलभाकाकू, काळजी करू नका. आपली अनिका ठणठणीत आहे, उठून उभी आहे.' त्याच वेळी शरयूने स्टँडमधून तुला फोन लावला होता. 'ती नीट चालत नाहीये रे, मी खाली जाऊन तिला घेऊन येते.' आणि तू म्हणालास, 'थांब. मोऱ्या आत्ताच मराठीत बोलला, ठणठणीत आहे म्हणे. तू मध्ये गेलीस तर ती परत महिनाभर बोलणार नाही तुझ्याशी.' शरयू बसली. चौथ्या क्वार्टरची साडेतीन मिनिटं उरली होती तेव्हा अनिका पुन्हा उभी राहिली, या वेळी धडक फारशी नव्हतीच. ती पडली आणि उठली नाही. मी बोलायचा थांबलो. सहा वर्षांत पहिल्यांदा प्रसारणात शांतता गेली, आणि काकूंना वाटलं की नेट गेलं.

हॉस्पिटलमध्ये तिची कवटी उघडली होती तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होतो. तू शरयूसमोर म्हणालास, 'मी तिला थांबवलं. फोनवरून थांबवलं.' मी म्हणालो, 'अरे, मीच बोललो ना ठणठणीत म्हणून.' तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालास, 'तुला तिथून काय कळणार, मोऱ्या? लांबून जे दिसलं ते तू बोललास.' मी तुझा हात पाठीवर तसाच राहू दिला.

त्यानंतर मी किती वेळा आलो घरी, तू मोजलं नसशील. अनिकाचा डावा हात अजून तिचं ऐकत नाही. 'चमचा' म्हणायचं असतं आणि शब्द सापडत नाही म्हणून ती हवेत बोटं फिरवते. सतरा वर्षांची मुलगी, आणि शरयू तिच्या पायात मोजे घालते. माझा आवाज दाराशी ऐकू आला की ती उशी कानावर ओढून घेते. तू म्हणालास, मनावर घेऊ नकोस, डॉक्टर म्हणाले सगळेच मोठे आवाज तिला टोचतात. आता मी तुमच्याकडे आलो की खुणांनी बोलतो. शरयू माझ्यासमोर चहा ठेवते आणि तुझ्यासमोर ठेवत नाही, तो तू स्वतः उठून घेतोस. आणि काकूंना आपण काय सांगितलंय? पाय मुरगळलाय, सीझन संपला. परवा त्यांचा मला फोन आला. 'तू म्हणालास ना ठणठणीत आहे, मग ती फोनवर का येत नाही?' मी म्हटलं, 'अभ्यास खूप आहे काकू.'

गेल्या सोमवारी डेलेनीचं लेखी म्हणणं बाहेर आलं. 'मी अनिकाला विचारलं, ठीक आहेस का? तिने होकाराची मान हलवली. मग ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मला कळलं नाही. तिने आईला हाक मारल्यासारखं वाटलं, आणि मुली घाबरल्या की असं करतात. मी तिला बाहेर बसवायला हवं होतं.' आपल्या पालकांच्या ग्रुपवर त्याची काय थट्टा झाली ती तू वाचलीस, त्यात तुझंही होतं. 'आपली पोरगी मराठीत चार शब्द धड बोलत नाही आणि ही बाई म्हणते ती तिच्या भाषेत बोलली. खोटारडी.' त्यावर बावीस जणांनी अंगठे दिले. मी दिला नाही. पण मी काही लिहिलंही नाही.

ती बाई खोटं बोलत नाहीये, अवधूत.

अनिका मराठीतच बोलली. जिला आपण दहा वर्षं 'मराठीत सांग' म्हणून विनवलं आणि जिने प्रत्येक वेळी इंग्रजीत उत्तर दिलं, ती त्या बेंचवर स्वच्छ मराठीत बोलली. ती पाच वर्षांची असताना काकू तुमच्याकडे राहायच्या, तेव्हा बोलायची तशी, 'ळ'सुद्धा साफ. 'मला दोन-दोन दिसतंय. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काळं येतंय. आई कुठेय? मला घरी जायचंय.' एवढंच. दोनदा. त्या जिममध्ये दोनेकशे माणसं असतील, पण त्या माइकवरचं ऐकणारा मी एकटाच होतो, आणि बेंचच्या आसपास हे शब्द समजणाराही मी एकटाच. जाहिरात संपायला तेवीस सेकंद होती. रेकॉर्डिंगवरून मोजलीत. माझ्या खुर्चीपासून ती चार पावलांवर होती. मी हेडफोन काढला नाही. बेंचवरचं बेंचवरच, हा माझा शब्द आठवला हे खरं. दोन गुणांचा सामना होता, शेवट रंगणार होता, बऱ्याच दिवसांनी ऐकणारे वाढले होते, हेही खरं. ट्रेनर येईलच, कोच बघेलच, मी कोण, असंही मनात आलं. मग लाल दिवा लागला, काकू ऐकत होत्या, आणि तोंडातून तेच निघालं जे आपण हॉस्टेलपासून त्यांना कळवत आलो. जेवण उत्तम. अनिका ठणठणीत. लांबून दिसलं म्हणून मी तसं बोललो नाही. जवळून ऐकूनही बोललो. बोर्डाने रेकॉर्डिंग मागितलं तेव्हा मी प्रसारणाचं दिलं, ज्यात त्या मिनिटाला गाद्यांच्या दुकानाची जाहिरात आहे. त्यांनी मागितलं ते दिलं, असं मी स्वतःला सांगितलं. हुशारी ही अशी वापरली मी.

पाकीट आज रात्रीच तुझ्या पेटीत टाकतोय, त्यात एक पेन ड्राइव्ह आहे. त्यावर बेंचची पट्टी आहे, काहीही न कापता. हीच मी उद्या बोर्डाकडे देणार आहे, पण ती आधी तुझ्याकडे यायला हवी होती. फोन केला नाही, कारण मला माझा आवाज माहीत आहे. तिसऱ्या वाक्याला मी स्वतःला सोडवून घेतलं असतं आणि तू मला सोडलं असतंस, जसं हॉस्पिटलात सोडलंस. माझ्या आवाजावर तू एकदा विश्वास ठेवलास, तेवढं पुरे. माफी मागत नाही. एकच मागतो. हे रेकॉर्डिंग शरयूला ऐकव. तिला कळू दे की तू तिला थांबवलंस ते ज्या माणसाच्या सांगण्यावरून, त्याला सगळं ठाऊक होतं. तू तिच्याशी खोटं बोलला नाहीस, तुझ्याशी कोणीतरी बोललं. अनिकापासून मात्र ते लांब ठेव. काकूंना खरं मी सांगायचं की तू, ते तू ठरव, पण सांगू या. गुरुवारी ती पट्टी बोर्डापुढे वाजेल आणि त्यांना त्यातलं काही कळणार नाही. कोणीतरी त्याचं इंग्रजी करून सांगावं लागेल. ते मी सांगेन, माझ्याच तोंडाने, तिच्या आईवडिलांसमोर, दोघंही आलात तर. चार पावलं चालून जाऊन कोचला जे सांगायचं होतं ते, सात आठवडे उशिरा.

तुझाच, ज्याला फक्त तूच या नावाने हाक मारतोस तो,
मोऱ्या